पुठ्ठ्यावरचा डाग

देवास नाक्यावर उजाडतं ते
ट्रकांच्या खाकरण्यानं.
भेरूलाल आधीच येऊन उभा, पिकअपपासून दोन हात लांब,
जसं काही त्यानंच सांडलंय.
"उस्ताद, फिर टपक रिया है."

पुन्हा. तेच चाक, पुढचं डावं.
टायरच्या आतल्या अंगाला काळा ओघळ,
त्यावर पवनचक्क्यांच्या टेकडीचा मुरूम
थालीपीठ थापावं तसा बसलेला.
गिअर ऑइलचा वास ज्याच्या नाकात एकदा शिरला
त्याला वाकून बघावं लागत नाही.

पहिल्यांदा मी सील बदललं, हसत बिल दिलं.
दुसऱ्यांदा सील बदललं आणि नवलखाला जाऊन
पोरवालच्या काउंटरवर जुनं आपटलं:
डुप्लिकेट विकतोस, तेही मला?
तो चष्मा पुसत राहिला.
त्याच्या वडिलांपासूनचं आमचं खातं.

आज बिल नाही. नुसता जॅक.

चाक उतरवलं. कॅलिपर तारेनं टांगला;
इर्शादला म्हटलं, होजवर लोंबू देऊ नकोस, ती दोरी नाही.
हब निघाला, मग शाफ्ट दोन्ही हातांवर घेऊन ओढला
सरळ, अगदी सरळ,
तिरका आला तर त्याचे दाते ओठ फाडतात.
ओठच म्हणतात सीलच्या कडेला.
रबराचा पातळ ओठ, मागे वळ्याएवढी नाजूक स्प्रिंग,
आणि एवढ्याशा भरवशावर
डिझेल गाडीच्या पुढच्या ॲक्सलचं सगळं तेल
आत राहायचं.

शाफ्टवर नख फिरवलं. खाच नाही.
बेअरिंग हलवून पाहिलं. खेळ नाही.
सील हुकानं उपटून उजेडात धरलं:
कुठे ओरखडा नाही, ओठ मऊ, छाप खरी.
पोरवालचा माल अस्सल होता.
हे मी मोठ्यानं बोललो नाही.

मग चहा.
मग इर्शाद, सतरा वर्षांचा,
ज्याला मी दिवसातून दहादा सांगतो गप बस आणि पाना दे,
गाडीखालूनच म्हणाला,
उस्ताद, या नळीत कोणीतरी घर बांधलंय.

ब्रीदरची नळी. करंगळीहून बारीक.
ॲक्सल तापला की आतली हवा फुगते,
तिनं बाहेर पडायचं ते इथून.
टोपी कधीच गळून गेलेली,
आणि आत कुंभारीण माशीनं
लिंपून, चोपून
दार बंद केलेलं.
हवेला वाट राहिली नाही,
तिनं ओठ ढकलला.
दोनदा मी ओठच बदलत बसलो.

तारेनं टोकरलं तर आधी माती पडली,
मग पोरांसाठी साठवलेले कोळी, पाय मिटलेले,
मेलेले नाहीत
आणि जिवंत म्हणावेत असेही नाहीत.
भेरूलाल म्हणाला, अरे देवा,
आणि मग मागे सरकून बिडी पेटवली.

नवी नळी घातली, पार बॉनेटखाली वर नेली,
तोंड खाली वळवून टोपी दाबली.
उपटलेलं सील परत बसत नाही,
म्हणून इर्शादला पिटाळलं पोरवालकडे.
भाव करू नकोस, म्हणालो.
का?
जा ना आता.

ओठाला बोटानं ग्रीस. मग हलके ठोके,
गोल फिरत फिरत, एका जागी दोन नाहीत,
पोकळ आवाज भरीव होईपर्यंत.

दुपारभर ती माशी येत राहिली.
तोंडात मातीची गोळी, ॲक्सलभोवती दोन घिरट्या, परत.
भेरूलालनं चप्पल काढली.
राहू दे, म्हणालो.

संध्याकाळी बायपासवर तीस किलोमीटर पिदडली गाडी,
चटके बसतील इतकी तापवून आणली,
आणि चाकाखाली शेजारच्या शेववाल्याचा पुठ्ठा सरकवून
शटर ओढलं.
झोप लागली म्हणतात तशी लागली.

सकाळी सगळ्यांच्या आधी आलो.
पुठ्ठ्यावर डाग. रुपयाएवढा.
गुडघे टेकून वर पाहिलं: सील कोरडं,
हब कोरडा, टायर कोरडा.
पुठ्ठा उचलून नाकाशी धरला.

लवंग.